जुन्या फटफटीला खुर्जी बांधताना

दत्तजयंतीला खानदेशातल्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा त्याच्या कडेला खोगीर, लगाम, तंग, घुंगरं विकणाऱ्यांच्या राहुट्या लागतात. काही वर्षांपूर्वी मी तिथे चामड्याचे पट्टे धुंडाळत होतो. एका म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, "घोडा कितला उंच शे?" म्हटलं, बाबा, घोडा नाही, बुलेट आहे. तिच्यावर दोन बाजूंना पिशव्या टाकायच्यात. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पट्टा हातात तोलत म्हणाले, मग तंग कुठे आवळणार?

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा. खोगीर कितीही चांगलं असलं तरी तंग ढिला असेल तर स्वार खोगिरासकट पोटाखाली जातो. मोटरसायकलला पोट नाही. दुकानात मिळणाऱ्या सॅडलबॅगा म्हणजे दोन पिशव्या आणि त्यांना जोडणारे दोन पट्टे. सीटवर टाकायच्या आणि निघायचं, असं पाकिटावरचं चित्र सांगतं. पण वरचा पट्टा फक्त वजन पेलतो. पिशवी चाकात जाऊ नये, सायलेन्सरवर टेकू नये, वळणावर बाहेर फेकली जाऊ नये, ही सगळी कामं खालच्या बांधणीची. म्हाताऱ्याचा प्रश्न मला त्या दिवशी नीट कळला नाही. पुढच्याच महिन्यात तोरणमाळच्या घाटात कळला, तो किस्सा पुढे येईल.

घोड्याच्या पाठीवर टाकायच्या जोडपिशवीला आपल्याकडे खुर्जी म्हणतात. शब्द चांगला आहे आणि मरायला टेकला आहे, म्हणून इथे तोच वापरतो. जोडी ती खुर्जी, तिची एक बाजू ती पिशवी. हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांनी वडलांची किंवा काकांची बुलेट, येझदी, राजदूत नुकतीच गोठ्यातून बाहेर काढून चालती केली आहे आणि आता पाल, पाटणादेवी, तोरणमाळ असं कुठेतरी दोन दिवस जायचं मनात आहे.

आधी गाडी बघा, पिशवी नंतर

नवखे लोक पहिल्यांदा पिशवी विकत घेतात आणि मग ती गाडीला बसवायची खटपट करतात. उलटं करा. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, हातात खडू घ्या आणि सीटच्या मागच्या भागाभोवती एक चक्कर मारा. दोनच गोष्टी शोधायच्या: काय तापतं आणि काय हलतं.

ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटला उजव्या बाजूला सायलेन्सर, किक आणि गिअर, तर डाव्या बाजूला चेन, मागच्या ब्रेकचा पेडल आणि साडीगार्ड. म्हणजे उजव्या पिशवीला भीती आगीची, डावीला चेनची. म्हैसूरच्या कारखान्यातून 1996 पर्यंत निघालेल्या जावा-येझदींचं वेगळं. चेन पूर्ण झाकलेली, पण सायलेन्सर दोन्ही बाजूंना. त्यातून टू-स्ट्रोक असल्यामुळे सायलेन्सरच्या शेपटीतून तेलाचे काळे शिंतोडे उडतात. पिशवी त्या तोंडाच्या मागे किंवा वर आली की महिन्याभरात तिचा तळ काजळीसारखा होतो, आणि तो डाग कशानंही जात नाही. येझदीत गिअर आणि किक एकाच दांडीवर, डावीकडे. तेव्हा किक मारताना टाच कुठवर येते ते डाव्या बाजूला बघायचं, उजव्या नव्हे. बाकी गाड्यांचं तुम्हीच तपासा, पद्धत तीच.

आता हलण्याविषयी. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. खुर्जी सीटवर टांगलेली, सीट चेसिसवर, आणि सायलेन्सरही चेसिसलाच अडकवलेला. त्यामुळे खड्ड्यात गाडी दबली तरी पिशवी आणि सायलेन्सर यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. बदलतं ते चाक, चिमटा (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्या), एक्सल आणि शॉकअपचं खालचं टोक यांचं. ते सगळं पिशवीच्या दिशेनं वर येतं. गाडी उभी असताना चाकाचा नट पिशवीपासून लांब दिसतो, दोघं बसले आणि लळिंगच्या घाटात एखादा खड्डा लागला की तोच नट पिशवीच्या तळाशी गाठ घालतो. म्हणून मोजमाप दोन माणसं गाडीवर बसवून घ्यायचं. गाडी स्टँडवरून खाली, पुढे एकानं हँडल धरलेलं, दोघं सीटवर जोर देऊन बसलेले, आणि तुम्ही खाली उकिडवे, खडू घेऊन. शेजारची पोरं या कामाला हौसेनं येतात.

त्यानंतर पुठ्ठ्याची पिशवी करा. आपल्याकडे केळीचे खोके कुठेही मिळतात, आणि तो पुठ्ठा जाड असतो. साधारण 14 इंच लांब, 10 इंच उंच, 5 इंच जाड असा डबा कापून चिकटपट्टीनं गाडीला लावा. मग किक पूर्ण मारून बघा. मागचा पायठेवा उघडून बघा. बाजूच्या पेटीचं झाकण उघडतं का, इंडिकेटर झाकला जातो का, स्टँड काढताना पाय अडतो का, नंबरप्लेट आणि मागचा दिवा दिसतो का, हे सगळं पुठ्ठ्यावरच कळतं. मी हे केलं नव्हतं. घरी आणलेली पिशवी बुलेटच्या बाजूच्या पेटीवर अशी बसली की पाना काढायचा तर आधी खुर्जी सोडायला लागायची, आणि खुर्जी सोडायला पाना लागायचा.

डब्याचा मोठा भाग मागच्या एक्सलच्या पुढे यायला हवा. एक्सलच्या मागे टांगलेलं वजन पुढचं चाक उचलू पाहतं. हँडल हलकं लागतं, आणि वेगात गाडी शेपूट हलवते. जुन्या गाड्यांच्या चिमट्यात बुशची झीज असतेच, त्यात हा भार पडला की साठच्या वेगालाही गाडी नाचायला लागते. शॉकअपमुळे पिशवी पुढे सरकत नसेल तर लहान पिशवी घ्या. मोठी पिशवी मागे टांगू नका.

कापड, चामडं, रेक्झिन

चामडं सगळ्यात देखणं, जुन्या गाडीला शोभतंही. पण खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. गाडी उन्हात उभी राहिली की चामडं वाळतं, बकलाच्या भोकांपाशी तडकतं. पावसाळ्यात नीट वाळवलं नाही तर बुरशी धरतं. घेणार असाल तर जाड, एकसंध चामड्याचं घ्या आणि वर्षातून दोन-तीनदा खोगिराला लावतात तसं मलम किंवा मेण चोळा. खोबरेल तेलाचा हात सढळ ठेवू नका. चामडं लुळं पडतं आणि पिशवी सायलेन्सरकडे झुकायला लागते.

रेक्झिन स्वस्त, दिसायला चामड्यासारखं, आणि आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटणारं. ज्याला एकदाच कुठे जायचंय त्याला ठीक.

माझं मत जाड सुती कॅनव्हासला, ताडपत्रीवाले वापरतात त्याला. भिजला की सूत फुगतं आणि वीण घट्ट होते, पाणी आत शिरायला वेळ लागतो. फाटला तर कुठलाही सीटकव्हरवाला टाका मारून देतो. एक सावधगिरी: मेण लावलेला कॅनव्हास हल्ली चांगला म्हणून विकला जातो. थंड मुलखात तो चांगलाच असेल. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते मेण मऊ होऊन विजारीला लागतं, सीटला लागतं आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसून थर होतो.

नायलॉन-पॉलिस्टरच्या पिशव्या हलक्या आणि टिकाऊ, तक्रार एकच, उष्णतेला घाबरतात. पट्ट्यांचं कापडही बघून घ्या. स्वस्त पट्टे बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते साधारण 160 अंशांना वितळतं. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिनाजवळचा एक्झॉस्ट पाइप त्याच्या वर सहज जातो.

पिशवी बंद करायला चेनपेक्षा (म्हणजे झिपपेक्षा) बकल बरं. कापसाच्या रानातली धूळ पिठासारखी असते, चेनच्या दातांत बसली की चार वेळा ओढून पाचव्या वेळी तुटते. बकलवर झाकणाची पट्टी असलेली पिशवी जुन्या गाडीला दिसतेही छान.

पिशवी रिकामी असताना तिचा आकार राहत नसेल तर तळाला आणि आतल्या बाजूला, म्हणजे चाकाकडच्या बाजूला, चार मिलिमीटर प्लायवूडची फळी घाला. कोपरे कानसीनं गोल करा, नाहीतर फळीच कापड खाते. दोन रिंगा ठोकून फळी पिशवीला बोल्टनं धरून ठेवता येते, बोल्टचं डोकं आतून आणि नट बाहेरून. बोल्टची शेपूट लांब ठेवू नका, रंग ओरबाडते.

तंग कुठे आवळणार: लोखंडी आधार

आता तो घाट. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला चढताना सातपायरीची वळणं लागतात. माझी खुर्जी नुसती सीटवर टाकलेली, खाली दोन हुकांचं रबर अडकवलेलं. उजव्या वळणात गाडी कलली, पिशवी बाहेर लोंबली, गाडी सरळ झाल्यावर ती आत आली आणि थेट सायलेन्सरवर बसली. दोन-तीन वळणांनी वास यायला लागला. मला वाटलं क्लच जळतोय. थांबून क्लच बघितला, प्लग बघितला, आणि शेवटी मागे नजर गेली तर पिशवीतून धूर. तळाला वाटीएवढं भोक, आत गुंडाळून ठेवलेला शर्ट करपलेला, आणि शर्टात ठेवलेल्या टूथपेस्टची नळी फुगून फुटलेली. पुढचे दोन दिवस सगळ्या कपड्यांना पुदिन्याचा वास होता. पिशवीचा दोष नव्हता. आधारच नव्हता.

आधार म्हणजे पिशवीच्या आतल्या बाजूला, चाक आणि पिशवी यांच्यामध्ये, एक लोखंडी कडं. त्याला पिशवी टेकते आणि खालून बांधली जाते. डाव्या बाजूला साडीगार्ड असेल तर अर्धं काम झालेलं असतं. आपल्याकडे कायद्यानंच मागच्या स्वाराचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षक जाळी लागते, म्हणून ती बहुतेक गाड्यांवर असते. जुनी गाडी "फॉरेनसारखी" दिसावी म्हणून काहीजण ती काढून टाकतात. काढली असेल तर परत लावा. फक्त ती हलवून बघा. पन्नास वर्षांच्या साडीगार्डचे बोल्ट गंजून नुसते रंगाच्या जोरावर उभे असतात.

उजव्या बाजूसाठी कडं करून घ्यावं लागतं. त्याची कृती अशी.

एक. सेंट्रिंगवाल्याकडून किंवा भंगारातून जाड तार आणा, हातानं वाकेल इतपत. गाडीला लावून तिला हवा तसा आकार द्या: वरून शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून सुरू, मागे जाऊन खाली, पिशवीच्या तळाच्या किंचित वर आडवी, आणि पुढे मागच्या पायठेव्याच्या बोल्टपर्यंत. इंग्रजी यू अक्षर आडवं झाल्यासारखं दिसतं.

दोन. ही तार घेऊन वेल्डिंगवाल्याकडे जा, गाडी घेऊन नाही. त्याला तीन सुती सळई, म्हणजे 10 मिलिमीटरच्या आसपासची, तारेप्रमाणे वाकवायला सांगा. टोकांना 25 बाय 3 मिलिमीटर पत्तीचे तुकडे आणि त्यात बोल्टच्या मापाची भोकं. या सळईचं वजन मीटरला सहाशे ग्रॅमपेक्षा थोडंच जास्त, म्हणजे गाडीवर काही भार होत नाही. वेल्डिंगवाला हमखास म्हणेल, भाऊ, गाडी आणा, चेसिसलाच डाग मारून देतो, जन्मात हलणार नाही. तो चुकीचं सांगत नाही, जन्मात हलणार नाही हे खरंच. पण जुन्या चेसिसला डाग, म्हणजे वेल्डिंगचा टाका, मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. रंग जातो, नळी त्या जागी कडक होऊन पुढे तडकू शकते, आणि बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केलं तर विजेचं सामान जातं. शिवाय 50 वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं 2021 मध्ये वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. तिला चेसिसमध्ये बदल चालत नाहीत. आज तुम्हाला तशी नोंदणी नको असेल, उद्या पोराला हवी असेल. (त्या नोंदणीची गाडी रोज फिरवता येत नाही हेही लक्षात ठेवा.)

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कड्याची सगळी टोकं चेसिसच्या बाजूला असली पाहिजेत. एक टोक चेसिसला आणि दुसरं चिमट्याला किंवा शॉकअपच्या खालच्या बोल्टला लावलं, तर प्रत्येक खड्ड्यात ते कडं पिळलं जातं. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये डाग सुटतो आणि सळई चाकात जाते. मी एका स्नेह्याच्या गाडीला असं लावलेलं बघितलं आणि चहा तसाच ठेवून पाने मागवले.

चार. शॉकअपच्या वरच्या बोल्टवर पत्ती लावली की नट तेवढा बाहेर येतो. नट पूर्ण बसून वर निदान दोन आटे दिसत असतील तर ठीक. दिसत नसतील तर त्या बोल्टच्या नादी लागू नका. नळीला रबर घातलेली क्लिप लावून तिथे कडं धरा. नटाखाली स्प्रिंग वायसर किंवा नायलॉनचा नट. बुलेट जिथे थरथरते तिथे साधा नट टिकत नाही, हे बुलेटवाल्याला सांगायची गरज नाही.

पाच. पिशवीचा तळ आणि सायलेन्सर यांत चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे तीन इंच तरी. तेवढं मिळत नसेल तर मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा घाला, पण तो पिशवीला चिकटवून नाही आणि सायलेन्सरलाही नाही. कड्याला, अर्धा इंच हवा खेळेल असा. हवा खेळली नाही तर पत्रा हाच तवा होतो.

कड्याला रंग मारण्याआधी ते गाडीला लावून बघा. मी रंगवून, वाळवून, मग लावलं आणि भोक दोन सूत पुढे निघालं.

नमदा, मग पट्टे

पिशवी आणि गाडी यांच्यात धूळ बसते, आणि गाडी थरथरते. म्हणजे पिशवी दिवसभर पॉलिश पेपर मारत असते. चाळीस वर्षं जपलेला रंग एका सहलीत पांढरा पडतो. बरेच लोक सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालतात. उन्हात ते रबर रंगाला चिकटतं आणि काळा डाग सोडतं. माझा उपाय सारंगखेड्याचा: नमदा. खोगिराखाली घालतात तो लोकरीचा जाड थर. त्याचे तळहाताएवढे तुकडे पिशवीच्या आतल्या बाजूला शिवून घेतले. रंगाला न चिकटणारा, थोडा दबणारा आणि निघाला तर परत लावता येणारा. निघण्यापूर्वी गाडीचा तो भाग ओल्या फडक्यानं पुसायचा, कारण नमद्यात धूळ शिरली की तोही पॉलिश पेपरच.

वरचे पट्टे सीटवरून टाकण्यापेक्षा सीटखालून न्या. दोनच बोल्ट असतात, सीट काढायची, पट्टे मडगार्डवरून आडवे टाकायचे आणि सीट परत बसवायची. वर माणूस बसला तरी पट्टा घसरत नाही, आणि कोणाला टोचत नाही. फक्त खाली वायर दबत नाही ना ते बघा. जुन्या बुलेटच्या वायरिंगचं आवरण नखानं निघतं, पट्ट्याखाली दबली की रात्री नेमका मागचा दिवा जातो. स्प्रिंगच्या वेगळ्या सीटा असतील तर मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये पट्टा कधीच घालू नका, स्प्रिंग दबताना तो चावला जातो.

पट्ट्यांची लांबी अशी धरा की पिशव्यांचा वरचा काठ सीटच्या खालच्या कडेशी यावा. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर. हे नुसत्या नजरेनं करू नका, जमिनीपासून टेपनं मोजा, कारण गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असते आणि डोळा फसतो.

मग तंग. प्रत्येक पिशवीला खाली दोन ठिकाणी: एक पुढच्या कोपऱ्यातून पायठेव्याच्या ब्रॅकेटकडे, पुढे खेचणारा. दुसरा मागच्या कोपऱ्यातून कड्याकडे, आत खेचणारा. दोन्ही ओढले की पिशवी कड्याला पाठ टेकून बसते. खालचे पट्टे सायलेन्सरला नाहीत, चिमट्याला नाहीत, शॉकअपच्या स्प्रिंगला तर नाहीतच. हुकांच्या रबरावर पिशवीचा भार सोपवू नका. रबर ताणलं जातं, आणि ताणलं जाऊ नये म्हणूनच तर आपण तंग आवळतोय.

पट्ट्याचं सुटं टोक हा सगळ्यात घातकी भाग. वाऱ्यावर फडफडतं, चेनमध्ये किंवा आऱ्यांत अडकतं आणि चाक जाम. बकलातून गेल्यावर टोक दोनदा दुमडा, वर रबरबँड किंवा शिवलेला फास. तीन इंचांपेक्षा जास्त उरलं तर कापा. नायलॉनचं असेल तर कापलेली कड मेणबत्तीवर धरून चिकटवा. कापायला जीव होत नाही, पुढे कधीतरी लागेल असं वाटतं. लागत नाही.

किती आणि काय भरायचं

एका बाजूला चार-पाच किलो. बस. गाडी ओढू शकत नाही असं नाही, बुलेटवरून मिरचीची पोती दोंडाईच्याच्या बाजारात गेलेली आपण बघितलीच आहेत. पण ते पोतं सीटवर असतं आणि गाडी वीसच्या वेगानं चाललेली असते. इथे भार बाजूला आहे आणि मऊ पिशवीत आहे. दोन्ही बाजूंचं वजन स्प्रिंगच्या ताणकाट्यावर तोला, अर्धा किलोपेक्षा जास्त फरक ठेवू नका. रद्दीवाल्याकडे हा काटा असतो.

जड सामान तळाला आणि पुढच्या कोपऱ्यात: हत्यारं, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या. जुन्या गाडीचं सुटं सामान घ्यावंच लागतं. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, एक प्लग, कंडेन्सर, पॉइंट, चेनची लॉककडी, दोन-चार बल्ब. हे सगळं जीन्सच्या जुन्या पायात शिवलेल्या लांब पिशवीत गुंडाळून ठेवा, सुटं ठेवलं तर रस्ताभर वाजतं आणि कापडाला भोकं पाडतं. सायलेन्सरच्या बाजूला औषधं, पॉवर बँक, मोबाइल नको. पेट्रोल कुठल्याच बाजूला नको. येझदीवाल्यांना टू-टी तेलाची बाटली लागते, ती उभी राहील अशी, बूच घट्ट करून, प्लास्टिकच्या पिशवीत.

बाकी मराठीत "खोगीरभरती" हा शब्द का आला ते पहिल्यांदा खुर्जी भरताना कळतं. जागा दिसली की माणूस भरतो. मी पहिल्या सहलीला दोन टॉवेल, छत्री आणि इस्त्रीचे शर्ट नेले होते. त्यातल्या एका शर्टाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

पावसासाठी वेगळं कव्हर विकत घेण्यापेक्षा खताच्या गोणीतली आतली जाड प्लास्टिक पिशवी घ्या, नीट धुऊन. सामान त्यात, ती खुर्जीत. मुक्कामाला पोचल्यावर खुर्जी न सोडता नुसती आतली पिशवी उचलून आत जाता येतं. धुतल्यावरही युरियाचा वास थोडा राहतो, दोन दिवस उन्हात टाकली की जातो.

मागे कोणी बसणार असेल

दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्याला अडचण नाही, त्याचे पाय पिशवीच्या पुढे येतात. एका बाजूला पाय घेऊन बसणाऱ्याचं आणि खुर्जीचं जमत नाही. माझी आई डाव्या बाजूला पाय घेऊन बसते. डावी पिशवी लावली की तिचे गुडघे बाहेर फेकले जातात आणि पायठेव्यावर पाय टेकत नाही. एकदाच बसली, शिरपूरच्या नाक्यापर्यंत काही बोलली नाही, तिथे उतरून म्हणाली, "मी बसनं येते." तेव्हापासून आई असेल तर खुर्जी घरी. फक्त डावी काढून उजवी ठेवायची शक्कल करू नका, एका बाजूचं वजन वळणात त्रास देतं.

चाचणी

पहिली फेरी रिकाम्या खुर्जीनं, पाच किलोमीटर. परत येऊन सायलेन्सरच्या बाजूचा तळ हातानं चाचपा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर अंतर वाढवा. दुसरी फेरी भरून, वीस-पंचवीस किलोमीटर, आणि त्यात एखादा चढ हवाच. धुळेकरांना लळिंग आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवीचा रस्ता, रावेर-यावलकडच्यांना पालची वाट. सरळ हायवेवर सगळ्याच खुर्ज्या चांगल्या वागतात. निघण्यापूर्वी मागच्या चाकात दोघांच्या भाराला कंपनीनं सांगितलेली हवा भरून घ्या.

थांबल्यावर बघायचं ते एवढंच: कड्याचे नट सैल झाले का, पट्टे किती सरकले, रंगावर घासल्याची खूण आहे का, चेनकव्हरवर कापडाचा धागा आहे का. पट्टे पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये हमखास ढिले पडतात, नवं कापड ताण घेतं. एकदा आवळले की नंतर फारसं बघावं लागत नाही. वळताना गाडी नेहमीपेक्षा उशिरा सरळ होते असं वाटलं तर वजन वर आहे. हँडल हलकं लागलं तर वजन मागे आहे. आणि पिशवीकडून टक-टक आवाज आला तर बहुधा पाना आहे, पण थांबून बघा.

परत आल्यावर खुर्जी गाडीवर ठेवू नका. ओलावा धरून ती मडगार्डला गंज चढवते. सोडून, उलटी करून, झटकून, सावलीत वाळवून, आत रद्दीचे बोळे भरून टांगून ठेवा. झटकताना कोपरे नीट बघा. गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या पिशवीच्या कोपऱ्यात कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा राहिला होता. उंदरानं बकल सोडायचे कष्ट घेतले नाहीत, सरळ तळातून आत शिरला, आणि जाताना अर्धा नमदा बिळात घेऊन गेला.